डोकं रिकामं करायचंय? नागपुरातच करा

सगळ्यात आधी, लांबचा प्लॅन करू नका. शांतता पाहिजे म्हणून लोक हिमाचलचं पॅकेज घेतात आणि मग त्याचाच हप्ता डोक्यावर येऊन बसतो. आपल्याकडे सेमिनरी हिल्स आहे, अंबाझरी आहे, काटोल रोडकडे गोरेवाडा आहे, सगळी झाडीची ठिकाणं, यातली एक जागा धरा जिथे दर रविवारी जाणं होईल.

खरी तयारी शनिवारी रात्रीच करायची, आणि माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं. एक कागद घ्या, डोक्यात जे जे फिरून राहिलं ते सगळं लिहा, होम लोन, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, भावासोबत जमिनीवरून झालेलं भांडण, काहीच सोडू नका, मग ज्याच्यासाठी सोमवारी एखादा फोन करता येतो त्याच्यापुढे "सोमवार" लिहा आणि जे आपल्या हातातच नाही त्याच्यापुढे नुसती रेघ ओढा. कागद घरीच ठेवा. हे न करता गेलं की झाडाखालीही हिशोबच सुरू राहतो.

सकाळी उजाडताच निघा. उन्हाळ्यात तर नऊच्या आत परत, आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. घरी सांगून जा, फोन सायलेंट करून खिशात ठेवा, ब्लूटूथ स्पीकर आणणाऱ्या मित्राला तर नेऊच नका.

तिथे गेल्यावर आधी थोडं चाला, घाम येऊ द्या, मग एका जागी बसा आणि फक्त ऐका. मन घरी पळेलच, पळू द्या, पुन्हा कान लावा. सागाची पानं गळून पडली असली की त्यावरून साधा सरडा गेला तरी खसखस ऐकू येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळसाला पान नसतं, सगळं झाड नुसतं केशरी, आणि थोडं पुढे रामटेक-पेंचच्या बाजूला पहाटे मोहाची फुलं टपटप पडतात, ते एकदा तरी ऐकाच हो, अशा वेळी अर्धा तास कसा जातो कळत नाही.

घरी आल्यावर कागद लगेच उघडू नका. आधी चहा घ्या, घरच्यांशी बोला, सोमवारचं सोमवारी. आणि कित्येक आठवडे झोपच नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरलाही नक्की भेटा, जंगल त्याच्या जोडीला ठेवा.