पाणी कमी पडते असे म्हणण्याआधी : ठाणे आणि नवी मुंबईतील गृहसंस्थांनी या चुका टाळाव्यात

ठाणे शहराच्या मालकीचे धरण नाही. महापालिकेची भातसा नदीवरची योजना, स्टेम (शहाड-टेमघर) पाणीपुरवठा प्राधिकरण, एमआयडीसी (औद्योगिक विकास महामंडळ) आणि मुंबई महापालिका अशा चार वाटांनी शहरात पाणी येते, आणि यातली एक वाट दुरुस्तीच्या शटडाऊनसाठी बंद झाली की तिच्यावर अवलंबून असलेल्या वस्त्या कोरड्या पडतात. नवी मुंबईची स्थिती याहून बरी आहे. खालापूरजवळचे मोरबे धरण महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचे आहे आणि त्याची क्षमता दिवसाला ४५० दशलक्ष लिटर आहे. तरीही कमी दाबाच्या आणि गढूळ पाण्याच्या तक्रारी दोन्हीकडे होतात. धरणात किती पाणी आहे एवढ्यावर नळाला किती येईल हे ठरत नाही. मधल्या जलवाहिन्या, व्हॉल्व्ह, जलकुंभ आणि शेवटी गृहसंस्थेच्या आवारातली व्यवस्था यांवर ते तितकेच अवलंबून असते. यातला शेवटचा टप्पा रहिवाशांच्या हातात आहे आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

मोजमाप न करता टंचाई जाहीर करणे

पाणी पुरत नाही अशी तक्रार आली की व्यवस्थापन समिती टँकरचा ठराव करते. घोडबंदर रस्त्यावरच्या कित्येक संकुलांत तर टँकरचा खर्च मासिक देखभाल शुल्कातच धरलेला असतो. ठराव करण्याआधी एक साधा हिशेब करावा. पाणी येण्यापूर्वी आणि बंद झाल्यावर मुख्य मीटरची नोंद आठवडाभर घ्यावी, आलेल्या एकूण लिटरना दिवसांनी आणि रहिवाशांच्या संख्येने भागावे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये ठरवलेल्या सेवामानकांनुसार दरडोई दररोज १३५ लिटर पाणी मिळायला हवे. उत्तर याहून बरेच कमी आले, तर महापालिकेशी बोलण्यासाठी तुमच्या हातात आकडा आहे. उत्तर इतके किंवा याहून जास्त आले आणि तरीही टाकी रिकामी होत असेल, तर पाणी आवारातच कुठेतरी वाया जात आहे. शटडाऊननंतर पाणी पुन्हा सुरू होताना वाहिनीतली हवा मीटर फिरवते, त्यामुळे त्या दिवसाची नोंद हिशेबात धरू नये.

गळती शोधण्यासाठी रात्री येणारे पाणी आणि पंप दोन्ही बंद ठेवून भूमिगत टाकीच्या पातळीची खूण करावी. पहाटेपर्यंत पातळी उतरली, तर टाकीला तडा आहे किंवा तिथून निघणारी वाहिनी गळते आहे. पातळी तशीच राहिली, तर गच्चीवरच्या टाक्या तपासाव्यात, कारण बिघडलेल्या बॉलकॉकमुळे (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता नळ) रात्रभर वाहणारे पाणी पावसाळी पाइपातून निघून जाते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. घराघरांत शौचालयाच्या फ्लश टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकावा. फ्लश न करता तो भांड्यात उतरला तर वॉशर बदलण्याची वेळ झाली आहे.

जलवाहिनीला थेट पंप लावणे

माझ्या मते सर्वांत घातक चूक हीच आहे. दाब कमी आहे म्हणून एखादी इमारत महापालिकेच्या वाहिनीवर थेट मोटर बसवते. शेजारची इमारत त्यामुळे कोरडी पडते आणि तीही मोटर बसवते. भांडण पाण्याच्या वाटणीपुरते राहिले असते तरी एक वेळ चालले असते. प्रत्यक्षात मोटर खेचू लागली की वाहिनीतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी होतो आणि सांध्यांच्या फटींतून आजूबाजूच्या मातीतले पाणी आत ओढले जाते. आपल्या अरुंद गल्ल्यांमध्ये जलवाहिनी आणि मलवाहिनी शेजारी शेजारी, काही ठिकाणी तर गटारातूनच गेलेल्या असतात. मग आत काय शिरते, हे वेगळे सांगायला नको. पुरवठा ठरावीक तासांपुरताच असल्यामुळे वाहिनी दररोज रिकामी होते आणि तेव्हाही हेच घडते. चोवीस तास पाणी ही चैन नसून आरोग्याची गरज का आहे, ते यावरून समजावे. साताऱ्यातल्या कराडजवळच्या मलकापूरसारख्या लहान गावाने मीटर लावून चोवीस तास पुरवठा करून दाखवला आहे.

म्हणून पंप नेहमी भूमिगत टाकीतूनच पाणी घेणारा असावा. शटडाऊननंतर येणारे पहिले गढूळ पाणी टाकीत न घेता बायपास नळावाटे बाहेर सोडावे. स्वच्छ दिसणारे पाणी सुरक्षित असतेच असेही नाही. भारतीय मानक १०५०० नुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे. ते तपासण्याचा छोटा संच स्वस्तात मिळतो आणि वॉचमनलाही वापरता येतो. क्लोरीन आढळले नाही, तर दर १००० लिटरला सुमारे २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचे पाणी टाकीत घालावे आणि किमान अर्धा तास थांबून पुन्हा तपासावे. पुडा उघडाच राहिला असेल तर ती पावडर निकामी झालेली असते. अनेक घरांत जुलाब सुरू झाले असतील, तर या उपायावर विसंबू नये. पाणी उकळून प्यावे आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला लगेच कळवावे.

चेंबर तुंबले की माणूस आत उतरवणे

इथे चूक हा शब्दही अपुरा पडतो. सेप्टिक टँक आणि मलवाहिन्यांत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन साचतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की त्याचा वास येणेच बंद होते आणि माणूस सावध होण्याआधी बेशुद्ध पडतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तसाच जातो. संरक्षक साधनांशिवाय कोणालाही अशा कामासाठी आत उतरवण्यास हाताने मैला साफ करण्यास मनाई करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि हे काम करवून घेणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूंची भरपाई ३० लाख रुपयांवर नेली. ठेकेदाराने माणूस आणला, आम्ही नाही, ही सबब समितीने स्वतःलाही सांगू नये. मैला शोषून घेणारी आणि पाण्याच्या झोताने वाहिनी मोकळी करणारी, म्हणजे सक्शन आणि जेटिंगची गाडी मागवावी, आणि गाडी आत येत नसेल तर लांब पाइपची मागणी करावी.

सेप्टिक टँक तुंबेपर्यंत थांबूही नये. दर दोन ते तीन वर्षांनी गाळ उपसला नाही, तर मैला टाकीत न मुरता तसाच गटारात आणि तिथून खाडीत जातो. उपसलेला मैला गाडीवाला कुठे रिकामा करणार, हे विचारून त्याची पावती घ्यावी. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे आणि तिच्या काठावर आपण राहतो.

पावसाळ्यात आवारात पाणी साचले की मलवाहिनीचे झाकण उघडून ते सोडून देण्याची पद्धत आहे. त्यामुळे मलवाहिनी उलटी वाहून तळमजल्यावरच्या शौचालयांतून मैला वर येतो, आणि साचलेल्या पाण्याखाली उघडे मॅनहोल दिसत नाही. ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत असाच एक जीव गेला. गच्चीचे पावसाळी पाइप मलवाहिनीच्या चेंबरला जोडलेले असतील, तर मे महिन्यातच ते तोडून पावसाळी गटाराला जोडावेत.

तक्रारीचे स्वरूप

“पाणी येत नाही” एवढ्या तक्रारीवर कनिष्ठ अभियंता फारसे काही करू शकत नाही. पाणी सुरू आणि बंद झाल्याची वेळ, आठवड्याच्या मीटर नोंदी, शेजारच्या इमारतीत काय स्थिती आहे आणि क्लोरीनची चाचणी काय सांगते, हे एका पानावर लिहून प्रभाग समितीच्या पाणीपुरवठा विभागात द्यावे व पोच घ्यावी. शेजारीही तीच अडचण असेल, तर दोष रस्त्याखालच्या वाहिनीत किंवा व्हॉल्व्हमध्ये आहे. ती एकट्याच इमारतीची असेल, तर आधी जोडणीचा फेरूल (मुख्य वाहिनीतून इमारतीला पाणी घेणारा जोडतुकडा) आणि गंजलेला पाइप प्लंबरकडून तपासून घ्यावा.