टीएसएच खाली येत नाहीये? डोस वाढवायच्या आधी गोळी कशी घेताय ते बघा

माझ्या आईचा टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, मागच्या वर्षी १४ आला, बराच जास्त. थायरॉईडची गोळी ७५ मायक्रोग्रॅमची चालू होती, एक दिवस चुकवलेला नाही, मग डोस १०० झाला, दोन महिन्यांनी परत टेस्ट केली तर ११. आता १२५ करू असं चाललं होतं तेव्हा मी सुट्टीला घरी गेले होते आणि सकाळी ओट्यापाशी उभं राहून बघितलं तर आई थायरॉईडची, कॅल्शियमची आणि रक्तवाढीची अशा तिन्ही गोळ्या एकदम तळहातावर घेते आणि चहाच्या पहिल्या घोटाबरोबर गिळून टाकते. तिची काही चूक नव्हती, तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं, चिठ्ठीवर फक्त "सकाळी १" लिहिलेलं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी डोस आहे तोच ठेवून फक्त वेळा बदलायला सांगितल्या, आणि ८ आठवड्यांनी टीएसएच ३.१ आला, म्हणजे नॉर्मल.

म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय. डोस किती ते डॉक्टरच ठरवणार, पण गोळी पोटात कशी जाते हे आपल्या हातात आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. टीएसएच हे थायरॉईडचं हार्मोन नाही, ते मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी सोडते. रक्तात थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की पिट्युटरी टीएसएच वाढवते, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीला सांगते की अजून बनव. त्यामुळे टीएसएच वाढला की "थायरॉईड वाढलं" असं आपण म्हणतो खरं पण अर्थ उलटा असतो, हार्मोन कमी पडतंय. आणि आपण जी गोळी घेतो, लेव्होथायरॉक्सिन, ती म्हणजे तेच हार्मोन, मायक्रोग्रॅममधे, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात मोजलेलं. इतक्या बारीक मापाचं औषध असल्यामुळे थोडं जरी वाया गेलं तरी रिपोर्टवर दिसतं.

आता गोळी घ्यायची कशी. उठल्यावर अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास तरी, जमलं तर एक तास, काही नाही. चहा नाही, कॉफी नाही, दूध नाही, भिजवलेले बदाम नाहीत, काढा नाही. ही गोळी लहान आतड्यात शोषली जाते आणि रिकाम्या पोटीसुद्धा साधारण ६० ते ८० टक्केच आत जाते, पोटात काही असलं की त्याहून कमी. २००८ मधे इटलीतल्या डॉक्टरांनी अशा पेशंटच्या केसेस छापल्या होत्या ज्यांचा टीएसएच काही केल्या उतरत नव्हता, चौकशी केली तर गोळीबरोबर एस्प्रेसो कॉफी पीत होते. गोळी पाण्याबरोबर आणि कॉफी तासाभराने असं केल्यावर आकडे ताळ्यावर आले. आपल्याकडे उठल्या उठल्या चहाचं आधण ठेवायची सवय, त्यामुळे मी आईला एकच युक्ती सांगितली, पाण्याचा तांब्या आणि गोळीची बाटली रात्रीच उशाशी ठेवायची, पाय जमिनीवर टेकायच्या आधी गोळी, मग आंघोळ आणि देवपूजा, मग चहा. तास कसा गेला कळत नाही.

दुसऱ्या गोळ्यांचं जास्त महत्त्वाचं आहे कारण ते कोणी विचारतच नाही. कॅल्शियम आणि लोह, म्हणजे रक्तवाढीच्या गोळ्या, या दोन्ही थायरॉईडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतात, त्यामुळे मधे ४ तास हवेत. मल्टिव्हिटॅमिनमधेही बऱ्याचदा हे दोन्ही असतात, त्यालाही तेच लागू. चाळिशी-पन्नाशीच्या किती बायका या तिन्ही गोळ्या घेतात बघा आजूबाजूला. आईचं आता थायरॉईड पहाटे, लोह दुपारी आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर असं बसलंय. ॲसिडिटीचं जरा वेगळं आहे, पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या पोटातलं ॲसिडच कमी करतात आणि थायरॉईडची गोळी विरघळायला ते ॲसिड लागतं, म्हणून तिथे नुसतं अंतर ठेवून भागेलच असं नाही. अशी गोळी नवीन सुरू झाली किंवा बंद झाली तर डॉक्टरांना सांगा, आणि ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच करून घ्या.

ज्यांना सकाळ जमतच नाही, शिफ्ट असते, पाचला उठून डबे करायचे असतात, त्यांनी झोपताना घ्यायचं डॉक्टरांना विचारावं. २०१० मधे नेदरलँड्समधे ९० पेशंटवर हे करून बघितलं, प्रत्येकाने १२ आठवडे सकाळी आणि १२ आठवडे रात्री गोळी घेतली, रात्रीच्या गोळीने टीएसएच उलट जास्त उतरला. अट एकच, जेवून तीनेक तास झालेले हवेत आणि रात्रीचं कॅल्शियम दुसरीकडे हलवायचं.

एखादा दिवस चुकला तर घाबरू नका. या हार्मोनचं प्रमाण रक्तात निम्मं व्हायला साधारण ७ दिवस लागतात, एका दिवसाने काही बिघडत नाही, त्या दिवशी आठवलं की घ्या. दोनतीन दिवस राहिली असेल किंवा हार्टचा त्रास असेल तर मात्र आपल्या मनाने भरपाई करू नका, फोन करून विचारा. उपास असला तरी गोळी चुकवायची नाही. आणि बाटली खिडकीत किंवा गॅसजवळच्या फळीवर ठेवू नका, उष्णता, ऊन, ओल तिन्हीने औषधाचा जोर कमी होतो.

टेस्टबद्दल. डोस बदलला की पुढच्याच आठवड्यात टेस्ट करण्यात अर्थ नाही, आकडा स्थिर व्हायला ६ ते ८ आठवडे लागतात. टीएसएच दिवसभरात वरखाली होतो, रात्री जास्त आणि दुपारी कमी, म्हणून दरवेळी साधारण एकाच वेळी रक्त द्या, शक्यतो सकाळी आणि त्या दिवशीची गोळी घ्यायच्या आधी. रक्त दिलं की गोळी, मग तासाने चहा.

केसांच्या गोळ्यांचं मला स्वतःला खूप उशिरा कळलं. त्यात बायोटिन नावाचं व्हिटॅमिन असतं, शरीराला दिवसाला लागतं साधारण ३० मायक्रोग्रॅम आणि गोळीत असतं १० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे तीनशे पटीच्या वर. बऱ्याच लॅबच्या मशीनमधे टेस्टसाठीच बायोटिन वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तातलं बायोटिन आकडे बिघडवतं, टीएसएच खोटाच कमी आणि टी४, म्हणजे रक्तातलं थायरॉईडचं हार्मोन, खोटंच जास्त दिसतं. २०१६ मधे सहा लहान मुलांच्या केसेस छापून आल्या, त्यांना मेटाबोलिझमच्या दुर्मिळ आजारांसाठी बायोटिनचे मोठे डोस चालू होते, आणि रक्ताच्या रिपोर्टवरून त्यांना ग्रेव्ह्ज डिसीज म्हणजे थायरॉईड अति चालण्याचा आजार आहे असं वाटत होतं. तो आजार त्यांना नव्हताच. आणि थायरॉईड कमी असलं की केस गळतात, म्हणून आपल्यातल्याच बायका या गोळ्या घेतात! टेस्टच्या आधी निदान २ दिवस बंद ठेवा, आणि लॅबमधे सांगा.

टीएसएच ५-६-७ आणि टी४ नॉर्मल, असे रिपोर्ट घेऊन बरेच आजी-आजोबा डॉक्टरांकडे जातात आणि घरचे लगेच गोळी सुरू करा म्हणून मागे लागतात. २०१७ मधे युरोपात ट्रस्ट नावाचा मोठा अभ्यास झाला, ६५ च्या वरचे ७३७ लोक, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती दिसायला तशी. वर्षभराने आकडा उतरला, पण थकवा आणि त्रास दोन्हीकडे सारखाच. वयाबरोबर टीएसएच थोडा वाढतोच, कधी दोनतीन महिन्यांनी परत केला तर आपोआप नॉर्मल येतो. आणि म्हाताऱ्या माणसात डोस जास्त झाला तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात, म्हणून तिथे थांबून परत टेस्ट करू म्हणणारे डॉक्टर टाळाटाळ करत नसतात.

पण गरोदरपणात उलट, तिथे एक दिवस थांबू नका. बाळाची स्वतःची ग्रंथी सुरुवातीचे तीनेक महिने चालू नसते, ते आईच्याच हार्मोनवर असतं, आणि डोसची गरज पाचव्या आठवड्यापासूनच वाढायला लागते. पाळी चुकली, टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, पहिल्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. आणि तेव्हा लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही सुरू होतात, ४ तासांचं तेवढं लक्षात ठेवा.

"सवय लागते" म्हणून गोळी बंद करणारे फार भेटतात. अहो, ती सवय नाही, शरीर बनवत नाहीये ते हार्मोन बाहेरून देतोय. १८९१ मधे इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉ. जॉर्ज मरे यांनी ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला, तेव्हा या आजारावर दुसरं काहीच नव्हतं. ती बाई त्यावर २८ वर्षं जगली आणि त्यासाठी ८०० च्या वर मेंढ्या लागल्या. आज तेच काम एक बारीक गोळी करते.

आणि हे सगळं नीट पाळूनही आकडा उतरलाच नाही तर एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या आजारांच्या डॉक्टरांकडे जा. पूर्ण डोस ढोबळमानाने वजनाच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोला शंभरच्या आसपास, त्याच्या कितीतरी वर जाऊनही टीएसएच जास्तच असेल तर गव्हाने होणारा सिलिॲक आजार किंवा पोटातलं एच. पायलोरी इन्फेक्शन आहे का ते बघतात. कधी समोर बसवून एकदम १००० मायक्रोग्रॅमचा डोस देतात आणि पुढचे काही तास रक्तातलं टी४ किती चढतं ते मोजतात, हे फक्त देखरेखीखालीच, घरी कधीही नाही. चढलं तर आतडं ठीक आहे, गोळीच नियमित पोटात जात नाहीये. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, केसांची, ॲसिडिटीची, आयुर्वेदिक, सगळी, आणि कागदावर वेळा लिहा, कुठली गोळी किती वाजता आणि पहिला चहा किती वाजता.