पाणी किती आणि पाणी कसं: सामायिक नदीखोऱ्याच्या नोंदींत या चुका टाळा

सामायिक नदीवरून दोन प्रदेशांत वाद पेटतो, तेव्हा दोघांच्या हातातले आकडे बऱ्याचदा खरे असतात. अडचण अशी, की वरच्यांनी पावसाळ्यातला विसर्ग मोजलेला असतो आणि खालच्यांनी उन्हाळ्यातला साचलेला डोह. त्यातही पाणी किती आलं हे एका खात्याच्या वहीत, तर ते कसं होतं हे दुसऱ्याच प्रयोगशाळेच्या फायलीत. दोन्ही नोंदी एका दिवसाच्या, एका जागेच्या निघत नाहीत. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ या फारकतीत आहे.

सरासरीवर भिस्त ठेवणं

अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचं पाणी वाटणारा करार १९२२ साली झाला. तेव्हा हाताशी असलेल्या नोंदी नेमक्या भरपूर पाण्याच्या वर्षांच्या होत्या. त्यावरून वरच्या आणि खालच्या खोऱ्याला दरवर्षी प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट (एक एकरावर एक फूट उभं राहील एवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट) पाणी लिहून दिलं गेलं. पुढे १९४४ च्या तहाने मेक्सिकोला १५ लाख एकर-फूट द्यायचं ठरलं. कागदावर वाटलेलं एवढं पाणी नदीत नाही, हे नंतरच्या दशकांनी दाखवलं. सात राज्यं आणि दोन देश आजही तो हिशोब निस्तरत आहेत.

कृष्णेचं उदाहरण मला याहून शिकवणारं वाटतं. राज्यांतला पाणीतंटा सोडवायला नेमलेल्या पहिल्या लवादाने १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांच्या नोंदी घेतल्या आणि ७५ टक्के विश्वासार्हतेचं पाणी २०६० टीएमसी (अब्ज घनफूट) धरलं. म्हणजे शंभरातल्या पंच्याहत्तर वर्षी निदान एवढं पाणी येईल असं. दुसऱ्या लवादाने १९६१-६२ ते २००७-०८ ही ४७ वर्षं घेतली, तेव्हा त्याच ७५ टक्क्यांना २१७३ टीएमसी निघालं आणि सरासरी २५७८. सरासरी आणि विश्वासार्ह पाणी यांत ४०५ टीएमसीचं अंतर! हे जास्तीचं पाणी चांगल्या वर्षीच हाती लागतं. त्याच्या भरवशावर बारमाही पिकं उभी केली, की कोरड्या वर्षी भांडण ठरलेलं.

म्हणून कुणी आकडा पुढे केला की आधी विचारा: कोणती वर्षं धरली, किती टक्के विश्वासार्हता, आणि हा आकडा वर्षाचा आहे की दहा-दहा दिवसांचा? मोसमी पावसाच्या नदीत वर्षाचं बहुतेक पाणी चार महिन्यांत निघून जातं. वाटप वर्षाच्या आकड्यावर झालं, पण तहान मे महिन्यात लागते.

प्रवाह न मोजता नमुना भरणं

ही चूक सर्वांत जास्त दिसते आणि तिच्यामुळे सर्वांत जास्त नुकसान होतं.

समजा, उन्हाळ्यात सीमेवरच्या पुलाखाली नायट्रेट लिटरमागे ८ मिलिग्रॅम सापडलं आणि प्रवाह २० घनमीटर प्रतिसेकंद होता. पावसाळ्यात तिथेच नायट्रेट ३ मिलिग्रॅम, प्रवाह ६००. नुसता अहवाल वाचणारा म्हणेल, पावसाळ्यात नदी सुधारली. आता गुणाकार करा. उन्हाळ्यात दिवसाला सुमारे १४ टन नायट्रेट त्या पुलाखालून गेलं, पावसाळ्यात सुमारे १५५ टन. खालच्या धरणात, खाडीत साचतो तो हा भार. उन्हाळ्यातले ८ मिलिग्रॅम प्यायच्या पाण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आणि पावसाळ्यातले १५५ टन जलाशयाच्या दृष्टीने. दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण उपाय वेगळे: पहिल्यासाठी बहुधा सांडपाण्याचे नाले पाहावे लागतात, दुसऱ्यासाठी शेतातून वाहून जाणारं खत आणि माती.

याच चुकीचं दुसरं रूप सांडपाणी सोडण्याची परवानगी देताना दिसतं. नदी घाण किती पातळ करेल हे वार्षिक सरासरी प्रवाहावरून काढलं, की जानेवारीनंतर तो हिशोब कोलमडतो. अमेरिकेत यासाठी दहा वर्षांतून एकदा येणारा सात दिवसांचा नीचांकी प्रवाह धरण्याची पद्धत आहे. आकडा कोणताही निवडा, पण तो नदी सर्वांत अशक्त असतानाचा असावा.

पहिल्या पावसाचंही तसंच. महिनोन्महिने नाल्यांत, रस्त्यांवर, शेतांत साठलेलं सगळं पहिल्या दोन-तीन सरींत नदीत येतं. प्रवाह अजून पुरेसा वाढलेला नसतो, ऑक्सिजन झपाट्याने खाली येतो आणि मासे मरतात. महिन्याच्या ठरलेल्या तारखेलाच नमुना घेणाऱ्याला हे दिवस कधी सापडत नाहीत. त्या आठवड्यात रोज नमुना घ्या. पैसे कमी असतील तर हिवाळ्यातल्या दोन फेऱ्या गाळा, पण ही गाळू नका.

चुकीची वेळ, चुकीची जागा

शेवाळ माजलेल्या संथ पाण्यात दुपारी विरघळलेला ऑक्सिजन भरपूर दिसतो, कारण वनस्पती तो बनवत असतात. रात्रभर त्याच वनस्पती तो वापरतात आणि पहाटे माशांचा जीव जातो. दुपारी बाराचा नमुना ‘ठीक’ म्हणत असेल, तर पहाटे उजाडण्याआधी एकदा मोजून बघा. बाटली प्रयोगशाळेत नेऊन मग ऑक्सिजन तपासणंही व्यर्थ. तो जागेवरच मोजावा, नाहीतर रसायन घालून तिथेच बांधून घ्यावा.

संगमाच्या लगेच खाली काठावरून बाटली भरली, तर दोन नद्यांपैकी एकीचंच पाणी हाती येतं. दोन्ही प्रवाह बरंच अंतर शेजारी-शेजारी वाहतात, कधीकधी रंगावरूनही ओळखू येतात. पात्राच्या आडव्या रेषेत तीन-चार ठिकाणी विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारा आकडा) मोजा. आकडे जुळले तरच पाणी मिसळलं असं समजा.

आणि वरच्या-खालच्या मोजणी ठाण्यांवर एकाच तासाला नमुना घेतला म्हणजे तेच पाणी मोजलं असं होत नाही. सेकंदाला अर्धा मीटर वेगाने पाणी दिवसात जेमतेम ४३ किलोमीटर जातं. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळच्या एका रासायनिक गोदामाला आग लागली आणि विझवायच्या पाण्यासोबत कीटकनाशकं राईन नदीत उतरली. खालच्या देशांना मग एकच प्रश्न होता, ही लाट आमच्याकडे कधी पोहोचेल? असा प्रश्न यायच्या आत आपल्या खोऱ्यातला पाण्याचा प्रवासकाळ कमी, मध्यम आणि जास्त प्रवाहाला काढून ठेवावा.

वरचं आणि खालचं पाणी जुळत नसेल तर

वरचं ठाणं आणि उपनद्या मिळून जेवढं पाणी सांगतात, तेवढं खाली दिसत नाही. लगेच चोरीचा आरोप होतो. त्याआधी हे तपासा.

ठाण्यावरच्या पट्टीवर फक्त पाण्याची पातळी दिसते. किती पातळीला किती प्रवाह, याच्या कोष्टकावरून प्रवाह काढतात. मोठ्या पुराने किंवा वाळूउपशाने पात्र बदललं, की जुनं कोष्टक चुकतं. पुरानंतर प्रवाह पुन्हा प्रत्यक्ष मोजल्याशिवाय ते वापरू नका. पट्टीच्या खाली बंधारा असेल तर फुगवट्यामुळे पातळी चढलेली दिसते आणि पाणी मात्र हलत नसतं. कंबोडियातली तोन्ले साप नदी तर पावसाळ्यात चक्क उलटी वाहते, मेकाँगचं पाणी सरोवरात नेते आणि कोरड्या ऋतूत परत करते. तिथे नुसत्या पातळीवरून दिशासुद्धा कळणार नाही.

वीजगृह दिवसातले काही तासच पाणी सोडत असेल, तर सकाळी आठच्या एका नोंदीवरून दिवसाचा प्रवाह काढणं चूक. काठावरचे उपसा पंप मोजा. मग एककं पाहा: एका दिवसात एक टीएमसी म्हणजे सुमारे ११,५७४ क्युसेक (घनफूट प्रतिसेकंद), आणि एक घनमीटर प्रतिसेकंद म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक.

एक खोल चूक इथेच दडलेली असते. कोरड्या दिवसांत नदीत दिसणारं पाणी बरंचसं भूजलाचा पाझर असतो. एका तक्त्यात ‘भूजल’ म्हणून आणि दुसऱ्यात ‘नदीचा उन्हाळी प्रवाह’ म्हणून तेच पाणी दोनदा मोजलं जातं आणि दोनदा वाटलंही जातं. काठच्या विहिरी खोल गेल्या की नदी आटते, मग वरच्या राज्याला दोष दिला जातो. कालव्याच्या पाण्यातून नदीत परत येणाऱ्या पाण्याचंही हेच. ते नवं पाणी म्हणून धरू नका.

प्रयोगशाळांचे वेगळे हिशोब

एकीचा नायट्रेटचा आकडा नायट्रोजन म्हणून आणि दुसरीचा पूर्ण नायट्रेट म्हणून असेल, तर तेच पाणी ४.४३ पट वाईट दिसतं. जैविक ऑक्सिजन मागणी (घाण कुजवताना सूक्ष्मजीव पाण्यातला किती ऑक्सिजन वापरतात ते) काही ठिकाणी २० अंशांवर पाच दिवस, तर भारतात बहुधा २७ अंशांवर तीन दिवस मोजतात; अहवालात ते लिहिलेलंच हवं. ‘आढळलं नाही’ म्हणजे शून्य नव्हे, म्हणून सोबत यंत्राची किमान मर्यादा द्या. जलवर्ष, म्हणजे पाण्याच्या हिशोबाचं वर्ष, भारतात १ जूनला, अमेरिकेत १ ऑक्टोबरला सुरू होतं.

एकमेकांवर विश्वास नसलेल्या दोन बाजूंसाठी एक साधी रीत उपयोगी पडते. दोघांची माणसं एकाच वेळी पुलावर उभी राहतात, आधी प्रवाह मोजतात, मग एकाच बादलीतून तीन बाटल्या भरतात: एक वरच्यांची, एक खालच्यांची, तिसरी सीलबंद. पहिल्या दोन अहवालांत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक आला, तरच तिसरी बाटली उघडायची. तीही नमुना टिकण्याच्या मुदतीत.