थाप आधी, हात नंतर

महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी आम्ही घुमट आरतीचा (घुमट या मातीच्या चर्मवाद्याच्या साथीने म्हटलेल्या आरतीचा) चार मिनिटांचा व्हिडिओ गोव्यातील रायबंदरच्या फेरीधक्क्यावर मोबाईलने चित्रित केला. गाणे फोंड्यात एका मित्राच्या घरी आधीच ध्वनिमुद्रित केले होते आणि चित्रीकरणाच्या वेळी ते ब्लूटूथ स्पीकरवर वाजवले. संकलन करताना मात्र पहिल्या कडव्यात ओठ आणि शब्द नेमके जुळत, तर शेवटच्या कडव्यापर्यंत घुमटावरची थाप आधी ऐकू येई आणि वाजवणाऱ्याचा हात नंतर पडताना दिसे.

सगळ्यांनी स्पीकरलाच दोष दिला. पण ब्लूटूथमुळे होणारा उशीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत साधारण सारखाच राहतो, आमचा मात्र वाढत चालला होता, हे लक्षात यायला दोन रात्री गेल्या. मग फाईलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडली, तेव्हा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला टिपलेल्या चौकटींची संख्या, 'बदलता' असल्याचे दिसले. उजेड कमी झाला की अनेक मोबाईल सेकंदाला ३० ऐवजी कमी चौकटी टिपतात; आम्ही तर संध्याकाळचीच वेळ निवडली होती, दृश्य सुंदर दिसते म्हणून! संकलनाच्या सॉफ्टवेअरला ही अनियमितता नीट हाताळता येत नव्हती.

हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून मूळ फाईल स्थिर ३० फ्रेम रेटवर रूपांतरित केली, संकलनाच्या सॉफ्टवेअरमधली टाइमलाइनही ३० वरच ठेवली, आणि मोबाईलने टिपलेल्या आवाजाच्या आलेखातील पहिल्या थापेच्या उंचवट्याशी आमचे ध्वनिमुद्रण जुळवले. शेवटची थाप हातासोबतच पडली.