इन्स्टॉल न करता लिनक्स वापरून पाहा : पेनड्राइव्हवरची पहिली ओळख

लिनक्स वापरून पाहायचं म्हटलं की पहिली भीती एकच असते : घरच्या कॉम्प्युटरवरचं सगळं पुसलं गेलं तर? भीती रास्त आहे, पण तिच्यावर साधा उपाय आहे. लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू करता येतं. ते रॅममध्ये चालतं आणि बंद केलं की केलेले बदल विसरून जातं. याला लाइव्ह सेशन म्हणतात. हार्ड डिस्कवरचं विंडोज जागच्या जागी राहतं. म्हणून इन्स्टॉल करायचं की नाही, हा प्रश्न आज मनात आणूच नका. तुमच्या मशीनचं आणि लिनक्सचं जमतं का, एवढंच आज पाहायचं आहे.

कोणतं लिनक्स घ्यायचं?

लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जगासमोर ठेवलं ते लिनक्सचं कर्नल, म्हणजे गाभा. त्याभोवती डेस्कटॉप आणि रोजची सॉफ्टवेअर जोडून जो पूर्ण संच तयार होतो, त्याला डिस्ट्रो म्हणतात. डिस्ट्रो शेकड्यांनी आहेत आणि नवखा माणूस तिथेच अडकतो. विंडोजची सवय असेल तर लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती घ्या, असं मी सांगेन. खाली टास्कबार, डाव्या कोपऱ्यात मेनू, त्यामुळे हात लगेच बसतो. उबुंटूही चांगलं आहे, फक्त त्याची मांडणी वेगळी आहे. निवडीवर आठवडा घालवू नका. आवडलं नाही तर त्याच पेनड्राइव्हवर दुसरं टाकता येतं.

मिंटसाठी ६४-बिट प्रोसेसर आणि किमान २ जीबी रॅम लागते. ४ जीबी असेल तर ब्राउझर नीट चालतो. अॅपलच्या एम मालिकेतल्या चिपवर मात्र ही पद्धत चालत नाही.

फाइल उतरवणं आणि पेनड्राइव्ह तयार करणं

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल, म्हणजे अख्खं लिनक्स एकाच फाइलमध्ये, उतरवा. ती काही जीबींची असते, त्यामुळे वेळ लागेल. त्याच पानावर चेकसमची, म्हणजे फाइलच्या ताळ्याची, लिंक असते. एसएचए-२५६ चेकसम म्हणजे ६४ अक्षरं-आकड्यांची एक ओळ. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट-क्लिक करून आपल्या फाइलचा चेकसम काढता येतो. दोन्ही ओळी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. अर्धवट किंवा खराब उतरलेली फाइल यातून लगेच कळते. फेब्रुवारी २०१६ मध्ये हल्लेखोरांनी मिंटच्या संकेतस्थळात शिरून डाउनलोडची लिंक बदलली होती आणि काही लोकांना छेडछाड केलेली आयएसओ मिळाली होती. तेव्हापासून मी ही पायरी कधीच गाळत नाही. तुम्हीही गाळू नका.

आता किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा कामाचं काही असेल तर आधी काढून ठेवा. आयएसओ नुसती कॉपी-पेस्ट केली तर पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू होत नाही. ती बलेना एचर किंवा रुफससारख्या प्रोग्रॅमने 'लिहावी' लागते. एचरमध्ये फाइल निवडा, पेनड्राइव्ह निवडा आणि फ्लॅश दाबा. बाहेरची दुसरी कुठलीही डिस्क जोडलेली असेल तर ती आधी काढून टाका, म्हणजे चुकीच्या डिस्कवर लिहिलं जाण्याचा प्रश्नच येणार नाही.

पेनड्राइव्हवरून सुरू करण्याआधी

इथे एक गोष्ट लक्ष देऊन करा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर बिटलॉकरचं एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लागलेलं कुलूप, आपोआप चालू असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बूटच्या, म्हणजे मशीन सुरू होण्याच्या, सेटिंगमध्ये बदल झाला की विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. आत्ताच शोधून कागदावर उतरवून ठेवा. ती हाताशी नसेल आणि विंडोजने मागितली, तर स्वतःच्याच फाइलींना मुकावं लागतं.

पेनड्राइव्ह लावा. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा. निळा पडदा येईल. त्यात डिव्हाइस वापरण्याचा पर्याय असेल तर तिथून पेनड्राइव्ह निवडा. तो पर्याय दिसला नाही तर मशीन सुरू होताना बूट मेनूची की भराभर दाबायची. डेल आणि लेनोव्होवर ती सहसा एफ१२ असते, एचपीवर एफ९, आसूसच्या लॅपटॉपवर एस्केप. सिक्युअर बूट, म्हणजे मान्य नसलेली सिस्टीम सुरू होऊ न देणारं सेटिंग, बंद करावं लागतं, असं अनेक जण सांगतात. मिंट आणि उबुंटू सहसा ते चालू असतानाही सुरू होतात. म्हणून आधी आहे तसं करून पाहा.

काळ्या पडद्यावर छोटा मेनू येईल. पहिलाच पर्याय निवडा. थोड्या वेळाने पडदा काळाच राहिला, तर बहुतेक वेळा गाठ ग्राफिक्स कार्डाशी असते. मशीन पुन्हा सुरू करून कम्पॅटिबिलिटी मोडचा पर्याय घ्या.

डेस्कटॉप दिसला, आता काय तपासायचं?

डेस्कटॉपवर इन्स्टॉल असं लिहिलेलं एक चिन्ह असेल. त्याला आज हात लावायचा नाही. पडदा मध्येच लॉक झाला तर नाव मिंट आणि पासवर्ड रिकामा.

सगळ्यात आधी वायफाय जोडा. ते चाललं तर अर्धी चिंता मिटली. नेटवर्कच दिसत नसतील, तर वायफाय चिपचा ड्रायव्हर वेगळा लागत असेल. जुन्या ब्रॉडकॉम चिपांबाबत असं होतं. अशा वेळी मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्यावर टेदरिंग, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट कॉम्प्युटरला देणं, सुरू करा. इंटरनेट मिळालं की ड्रायव्हर मॅनेजर उघडा आणि तो काय सुचवतो ते पाहा.

मग एकेक गोष्ट वापरून पाहा : आवाज, हेडफोन, कॅमेरा, ब्लूटूथ, टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल, ब्राइटनेसच्या की, प्रिंटर. लॅपटॉपचं झाकण बंद करून दोन मिनिटांनी उघडा. झोपलेलं मशीन नीट जागं होतं का, ही परीक्षा लोक विसरतात आणि इन्स्टॉल केल्यावर वैतागतात. बोटाचा ठसा वाचणारा सेन्सर चालला नाही तर नवल नाही, त्यातल्या बऱ्याच सेन्सरना लिनक्समध्ये आधार नाही.

मराठी टायपिंगही आजच तपासा. सेटिंगमध्ये कीबोर्डच्या लेआउटच्या यादीत मराठी शोधून जोडा. इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी येत असेल तर बोटं लगेच चालतील. जोडाक्षरं नीट उमटतात का, हे चार ओळी लिहून पाहा.

यानंतर खरी कसोटी तुमच्या कामाची. तुमच्या नेहमीच्या दोन-चार वर्ड आणि एक्सेल फाइलींच्या प्रती दुसऱ्या पेनड्राइव्हवर आणा आणि मिंटसोबत येणाऱ्या लिबरऑफिस या ऑफिसच्या प्रोग्रॅममध्ये उघडा. साधी पत्रं आणि तक्ते बहुधा नीट दिसतात. मॅक्रो असलेल्या किंवा फार सजवलेल्या फाइलींत गडबड होऊ शकते. मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा डेस्कटॉप प्रोग्रॅम आणि फोटोशॉप लिनक्ससाठी बनतच नाहीत. तुमचं पोट त्यांवर अवलंबून असेल तर हे आजच कळलेलं बरं. जे ब्राउझरमध्ये चालतं ते फायरफॉक्समध्ये उघडून पाहा.

वेगावरून मात्र निकाल देऊ नका. सगळं पेनड्राइव्हवरून वाचलं जातं, त्यामुळे प्रोग्रॅम उघडायला वेळ लागतो. एसएसडीवर इन्स्टॉल केल्यावर हेच झटकन उघडतं.

एक सावधगिरी. फाइल मॅनेजरमध्ये तुमची हार्ड डिस्कही दिसेल. तिच्यातले फोटो पाहायला हरकत नाही, पण तिथून काही डिलीट केलं तर ते खरोखरच जातं. लाइव्ह सेशन विसरतं ते फक्त रॅममधलं.

बंद करताना

मेनूतून शट डाउन करा. पडद्यावर सूचना आली की पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा. पुढच्या वेळी विंडोज उघडेल. तिथे घड्याळ काही तासांनी चुकलेलं दिसलं तर घाबरू नका. मशीनच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ धरतं आणि विंडोज स्थानिक. सेटिंगमध्ये वेळ सिंक केली की झालं.

विंडोजमध्ये हा पेनड्राइव्ह लावला तर फॉरमॅट करू का, असं विचारलं जाऊ शकतं. नाही म्हणा. पुढचे काही दिवस संध्याकाळी तासभर त्यावरून काम करून पाहा. पुढे कधी विंडोज उघडेनासं झालं, तर डिस्क शाबूत असेपर्यंत याच पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून फाइली दुसऱ्या डिस्कवर काढून घेता येतात. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर कागदावर लिहून ठेवलेली ती ४८ अंकी की तेव्हाही लागेल.