थायरॉईडच्या गोळीचा डोस बदलल्यावर टीएसएच कधी तपासावा?

डॉक्टरांनी थायरॉईडची गोळी ५० वरून ७५ मायक्रोग्रॅमवर नेली, की बरेच जण दहा-बारा दिवसांतच लॅब गाठतात आणि टीएसएच (थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारं, रक्तात मोजलं जाणारं संप्रेरक) फारसा हलला नाही म्हणून हवालदिल होतात. कृपया एवढी घाई करू नका. पैसेही जातात आणि झोपही.

गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचं तयार केलेलं संप्रेरक, शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. निम्मं कमी व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात. कालच्या गोळीतलं बरंचसं शिल्लक असतानाच आजची पोटात जाते, म्हणून पातळी चढत राहते. पण पातळी चढली की बाहेर पडणारं प्रमाणही वाढतं, आणि शेवटी रोज येणारं व रोज जाणारं सारखं होतं. तिथे पातळी स्थिरावते. पहिल्या आठवड्यात नव्या पातळीकडचं निम्मं अंतर कापलं जातं, दुसऱ्याअखेर ७५ टक्के, पाचव्याअखेर सुमारे ९७. टीएसएच त्याच्याही मागून येतो. डॉक्टर ६ ते ८ आठवड्यांनी बोलावतात ते यासाठीच.

एखाद्या दिवशी गोळी राहिली तर घाबरू नका, पातळी लगेच कोसळत नाही. मात्र ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी सोडणारे नेमके इथेच फसतात: सुरुवातीचे काही दिवस काहीच जाणवत नाही, त्रास नंतर सुरू होतो.

गरोदरपणात तपासणी लवकर आणि वरचेवर लागते. तिथे डॉक्टर सांगतील तेच वेळापत्रक पाळा.