स्वतःचे उच्चार कसे तपासावेत: ध्वनिशास्त्रातील मूलभूत संज्ञांची ओळख

ध्वनिशास्त्रातील संज्ञा पाठ करण्यापेक्षा स्वतःच्या तोंडात तपासून घेतल्या, की त्या लवकर पक्क्या होतात. कोणत्याही व्यंजनाविषयी तीन गोष्टी पाहाव्यात: गळ्यात कंपन होते का, हवा कोठे अडते आणि ती कशी सुटते.

प्रथम घोष तपासावा. फुफ्फुसांतून येणारी हवा स्वरयंत्रातील स्वरतंतूंमधून जाताना ते थरथरले, तर ध्वनी सघोष; एरवी अघोष. कंठमण्यावर बोट ठेवून आधी ‘स्’ आणि मग ‘म्’ लांबवावा. दुसऱ्या वेळी थरथर जाणवते. ‘प’ आणि ‘ब’ मात्र सुटे म्हणून तपासू नयेत, कारण त्यांतला ‘अ’ स्वतःच सघोष असल्याने दोन्हींत कंपन लागते. त्याऐवजी ‘आपा’ आणि ‘आबा’ सावकाश म्हणावे: पहिल्यात ओठ मिटताच कंपन क्षणभर थांबते, दुसऱ्यात ते सहसा चालू राहते.

मग तोंडासमोर तळहात धरून ‘त’ आणि ‘थ’ म्हणावे. हवेचा जोरकस झोत लागतो तो ‘थ’ महाप्राण, दुसरा अल्पप्राण. येथे ‘फ’ टाळलेला बरा. अनेकजण तो खालचा ओठ वरच्या दातांना लावून उच्चारतात आणि तसे केले, की तो स्पर्श (वाट पूर्ण बंद होऊन उघडणारा ध्वनी) न राहता घर्षक (हवा फटीतून घासत जाणारा ध्वनी) होतो.

उच्चारस्थान शोधण्यासाठी ‘प, त, ट, क’ हा क्रम घ्यावा. अडथळा ओठांवरून दातांकडे, तेथून कठोर तालूकडे (टाळूचा पुढचा कडक भाग) आणि शेवटी मृदुतालूकडे (टाळूचा मागचा मऊ भाग) सरकतो. म्हणून हे ध्वनी अनुक्रमे ओष्ठ्य, दंत्य, मूर्धन्य आणि मृदुतालव्य. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे ‘जगणे’चे आज्ञार्थी रूप, हे दोन शब्द लागोपाठ म्हटले तर एकाच अक्षराआड दोन स्थाने दडलेली सापडतात: पहिला ‘ज’ तालव्य (जीभ तालूकडे) आणि दुसरा दंततालव्य (जीभ पुढे, दातांच्या मुळाशी). लिपी असे भेद झाकते, म्हणूनच प्रत्येक ध्वनीला स्वतंत्र चिन्ह देणाऱ्या आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीची गरज भासली. तिची पहिली आवृत्ती १८८८ मध्ये प्रसिद्ध झाली.

हवा कशी सुटते यालाच प्रयत्न म्हणतात. वाट पूर्ण बंद होऊन उघडली तर स्पर्श, फटीतून घासत गेली तर घर्षक. ‘ल’ म्हणताना जीभ जागीच ठेवून तोंडाने श्वास आत ओढावा. जिभेच्या कडांना गारवा लागतो, कारण या ध्वनीत हवा बाजूंनी जाते. असा ध्वनी पार्श्विक होय. ‘म्’ लांबवत नाक चिमटीत धरले, की आवाजच बंद पडतो. मृदुतालू खाली येऊन हवा नाकावाटे जात असल्याची ही खूण.

स्वरांत अडथळा नसतो. आरशासमोर ‘ई’वरून ‘ऊ’वर जावे: ओठ गोल होतात आणि जीभ मागे सरकते. ‘आ’ला जबडा उघडून जीभ खाली जाते.

सुटे ध्वनी ओळखता आले, की ‘अंग’, ‘अंत’, ‘कंठ’, ‘कंप’ हे शब्द म्हणून पाहावेत. लिहिताना अनुस्वार एकच, पण उच्चारताना तो प्रत्येक वेळी पुढच्या व्यंजनाचे स्थान घेतो.